ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागातील छोटे गोल्फ क्लब आणि मोटारहोमचा मुक्काम: पाहुण्यांनी कसे वागावे?

फिरस्ता_मेलबर्न यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैमध्ये, आम्ही मेलबर्नहून पर्थपर्यंत मोटारहोमने, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीने, जाण्याचे ठरवले आहे. विमेरा आणि मॅलीच्या गहू पिकवणाऱ्या प्रदेशातून ॲडलेड, तिथून पोर्ट ऑगस्टा, सेडुना आणि पुढे आयर हायवेने नलारबोरचे पठार ओलांडून कालगुर्ली, असा मार्ग आहे. मी आणि पत्नी दोघेही गोल्फ खेळतो. या वेळी पुण्याहून माझे वडीलही येत आहेत आणि त्यांची सारी हौस या खेळातच आहे. त्यामुळे वाटेत मोठ्या शहरांतील नावाजलेल्या मैदानांऐवजी गावोगावच्या छोट्या क्लबांवर खेळावे, असा विचार आहे.

हा विचार मनात येण्याचे कारण सांगतो. गेल्या वर्षी मॅली भागातील एका छोट्या क्लबवर आम्ही थांबलो होतो. क्लबहाऊसमध्ये लाकडी फलकांवर वर्षानुवर्षांच्या विजेत्यांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेली होती. जुन्या वर्षांसमोर निरनिराळी आडनावे होती, अलीकडच्या वर्षांत मात्र तीच दोन-तीन आडनावे आलटून पालटून येत होती, आणि महिलांच्या फलकावर काही वर्षांसमोरची जागा कोरीच होती. दारावर एक हस्तलिखित कागद चिकटवलेला होता: गवत कापण्याच्या पाळीसाठी माणसे हवी आहेत, जमेल त्याने नाव लिहावे. त्या कागदावर एकाच व्यक्तीचे नाव चार वेळा होते. त्याच दिवशी मैदानाच्या कडेला तीन-चार मोठी मोटारहोम उभी होती. त्यांतील मंडळींनी क्लबहाऊसच्या भिंतीवरील प्लगमधून वीज घेतली होती, नळाचे पाणी भरून घेतले होते, आणि फी टाकायच्या पेटीकडे मात्र कोणी फिरकलेले दिसले नाही. मला ते फार लागले.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो. अशा क्लबवर पूर्वसूचना न देता जाऊन खेळणे योग्य आहे का? त्यांच्या आवारात रात्री गाडी उभी करण्याने त्यांना खरोखर मदत होते, की आपण त्यांच्या अडचणीत भर घालतो? आणि आमच्यासारखे एका रात्रीचे पाहुणे त्यांच्या नेमके काय उपयोगी पडू शकतात? शिवाय यांपैकी बऱ्याच मैदानांवर हिरवळीऐवजी वाळूची ग्रीन्स (होल, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याभोवतीचे सपाट गोल) असतात असे ऐकतो. आम्ही पती-पत्नी त्यांवर कधी खेळलेलो नाही, तेव्हा त्याबद्दलही कोणी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

गव्हाच्या_पट्ट्यातून यांचे उत्तर

नमस्कार. मी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या व्हीटबेल्ट भागातील एका छोट्या गावात डॉक्टर आहे आणि आमच्या गावच्या क्लबच्या समितीवर काम करते. त्यामुळे आपल्या प्रश्नाकडे मी आतल्या बाजूने पाहते, आणि आपण तो विचारलात याचे मला मनापासून समाधान वाटले.

पहिल्यांदा हे क्लब अडचणीत का आहेत ते समजून घेतले, की पाहुण्याने काय करावे हे बरेचसे आपोआप कळते. पैशाची चणचण आहेच, परंतु मूळ दुखणे माणसांच्या तुटवड्याचे आहे. यंत्रे मोठी झाली, शेते एकमेकांत विलीन झाली, आणि पूर्वी जिथे पाच-सहा कुटुंबे राहत होती तेवढी जमीन आता एक कुटुंब कसते. गेलेल्या कुटुंबांबरोबर शाळेतील मुले गेली, बँकेची शाखा गेली, आणि शनिवारी खेळायला येणारी माणसेही गेली. जे तरुण उरले आहेत ते हिवाळ्यातील शनिवारी फुटबॉल आणि नेटबॉलच्या सामन्यांना जातात, कारण तो हंगाम आणि आमचा हंगाम एकच आहे. पेरणी एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत चालते, तेव्हा शेतकरी ट्रॅक्टरवर असतात. त्यामुळे हंगामाचे पहिले काही आठवडे मैदानावर केवळ निवृत्त मंडळी दिसतात. आपण जून-जुलै निवडला आहे ही उत्तम गोष्ट आहे. उन्हाळ्यात आमच्याकडची बहुतेक बिनपाण्याची मैदाने बंदच असतात. गवत वाळून कोळ होते, वणव्याची भीती असते आणि सापही बाहेर पडतात.

अशा क्लबमध्ये पगारी माणूस बहुधा एकही नसतो. अध्यक्षच गवत कापतात, खजिनदार बारमागे उभ्या राहतात, आणि शनिवारच्या चहासोबतचे सँडविच व केक पाळीपाळीने घरून येतात. पैसा उभा करण्याचे मार्गही गावाच्या प्रकृतीला धरूनच असतात. अनेक गावांत एखादे शेत क्लबसाठी सामुदायिक रीतीने पेरले जाते: जमीन कोणी देतो, बियाणे कोणी देतो, पेरणी आणि कापणीला शेजारी आपापली यंत्रे घेऊन येतात, आणि गहू किंवा बार्ली विकून आलेली रक्कम क्लबच्या खात्यात जाते. पाऊस चुकला, तर पिकाबरोबर क्लबचेही उत्पन्न बुडते. कित्येक ठिकाणी गोल्फ, बोल्स आणि टेनिस यांनी मिळून एकच क्लबहाऊस ठेवले आहे, कारण तीन छपरांचा विमा आणि तीन इमारतींची डागडुजी त्या गावाला आता झेपत नाही. विम्याचा हप्ता खेळणाऱ्यांच्या संख्येकडे पाहत नाही. सदस्य निम्मे झाले तरी तो भरावाच लागतो, आणि समितीच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ याच विषयावर जातो.

आता आपला प्रश्न. पूर्वसूचना न देता आलेला पाहुणा आम्हाला चालतो, नव्हे, हवाच असतो. आठवड्यातील बहुतेक दिवस मैदानावर कोणीच नसते. दाराजवळ एक लोखंडी पेटी असते, तिच्या वर लिफाफे आणि पेन्सिल ठेवलेली असते. लिफाफ्यावर नाव, तारीख आणि किती जण खेळले ते लिहावे, फी आत घालावी, लिफाफा फटीतून पेटीत टाकावा आणि खेळायला जावे. ही फी बहुधा शहरातील फीच्या मानाने फारच कमी असते. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण पेटीतून उरलेले पैसे परत घेता येत नाहीत. काही क्लबांनी आता बँक खात्यावर भरण्यासाठी क्यूआर कोड लावला आहे, परंतु तिथे मोबाइलची रेंज असेलच असे नाही. आपल्या तिघांपैकी एकजण केवळ सोबत चालणार असेल तर त्याची फी नाही. पण दोन वेळा नऊ होल खेळलात तर अठरा होलची फी द्या. हे लिहावे लागते, कारण पेटी उघडणारी व्यक्ती मी आहे.

मात्र माझे खरे सांगणे वेगळे आहे. शक्य असेल तर आपल्या मार्गाची आखणी अशी करा की एखाद्या तरी गावात आपण क्लबच्या खेळाच्या दिवशी, बहुतेक ठिकाणी शनिवारी आणि काही ठिकाणी रविवारी, पोहोचाल. मंगळवारी तीन माणसांनी पेटीत टाकलेल्या फीपेक्षा शनिवारी ती तीन माणसे आमच्यासोबत मैदानावर असणे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. स्पर्धेला आठ जण आले तर दिवस कसाबसा निभावतो, अकरा आले तर बारही उघडतो, मांसाच्या ट्रेची सोडतही निघते आणि संध्याकाळी मंडळी लवकर घरी जात नाहीत. आपण शाकाहारी असाल तरी सोडतीचे तिकीट जरूर घ्या. जिंकलात तर तो ट्रे दुसऱ्या कोणाला द्या, त्याने ओळख पटकन वाढते. आपल्या वडिलांना मुद्दाम घेऊन या. आमच्याकडे सत्तरी-पंचाहत्तरीची कितीतरी मंडळी नियमित खेळतात, आणि पुण्याहून आलेला समवयस्क खेळाडू भेटला तर त्यांना किती आनंद होईल हे मी खात्रीने सांगू शकते.

छावणीतले_दिवस यांचे उत्तर

वरील उत्तर फारच मोलाचे आहे. मी वाळूच्या ग्रीन्सपुरते लिहितो. लष्करातील नोकरीच्या काळात मी भारतातील बऱ्याच छावण्यांच्या मैदानांवर खेळलो. तिथे पाण्याच्या टंचाईमुळे हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे गोल असत आणि त्यांना आम्ही 'ब्राऊन' म्हणत असू. निवृत्तीनंतर मुलाकडे ॲडलेडला राहू लागलो, तेव्हा इथल्या गावांमधून तेच गोल पुन्हा दिसले. इथे त्यांना 'स्क्रेप' असेही म्हणतात. आपल्या वडिलांनी कधी छावणीत खेळलेले असेल, तर त्यांना काहीही शिकवावे लागणार नाही. उलट ते आपणा दोघांना शिकवतील.

रचना अशी असते. कठीण, दाबून सपाट केलेल्या जमिनीवर बारीक वाळूचा पातळ थर देतात, आणि ती वाऱ्याने उडू नये, पावसाने वाहून जाऊ नये म्हणून तिच्यात तेल मिसळतात. पूर्वी इंजिनातून काढलेले जुने तेल सर्रास वापरत. आता जमीन आणि पाणी दूषित होऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी वनस्पती तेल वापरतात. ताज्या तेलाच्या ग्रीनवर चेंडू हातात घेतला की बोटे काळी होतात, म्हणून एक जुने फडके खिशात असू द्यावे. गोल लहान असतो आणि जवळपास सपाट असतो, त्यामुळे उतार वाचण्याचे कौशल्य इथे फारसे कामी येत नाही. कौशल्य लागते ते ग्रीनपर्यंत पोहोचण्याच्या फटक्यात. चेंडू उंचावरून थेट वाळूवर पडला तर तो पडल्या जागी रुतून थांबतो. ग्रीनच्या आधी टप्पा पडला तर पुढची जमीन टणक असल्याने तो किती घरंगळेल याचा नेम नसतो. म्हणून मी नव्या माणसाला सांगतो की चेंडू उंच उडवून थेट गोलावर टाकण्याचे धाडस करा, शहरातील गवताच्या ग्रीनवर करणार नाही इतके धाडस करा.

ग्रीनच्या कडेला एक आडवी लोखंडी पट्टी किंवा नळी दांड्याला जोडून ठेवलेली दिसेल. आपल्या आधी आलेल्यांच्या पावलांनी वाळू विस्कटलेली असते, तेव्हा आपल्या चेंडूची जागा खुणेने निश्चित करून चेंडू उचलावा आणि होलपासून खुणेपर्यंत ती पट्टी एका सरळ रेषेत ओढून वाट गुळगुळीत करावी. पट्टी दाबायची नसते, तिच्या स्वतःच्या वजनाने ती सरकू द्यायची असते. दाबली तर वाळू बाजूला सरून खालची कठीण जमीन उघडी पडते, आणि तो चर भरून काढायला नंतर कोणालातरी फावडे घेऊन यावे लागते. काही क्लबांमध्ये सर्व खेळाडू एकच वाट वापरतात आणि चेंडू होलपासून तेवढ्याच अंतरावर त्या वाटेवर आणून ठेवण्याची मुभा असते, काही ठिकाणी ती नसते. हा स्थानिक नियम गुणपत्रिकेच्या मागे किंवा फलकावर लिहिलेला असतो, तो पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभे राहण्याआधी वाचावा. सर्वांचे पुट (ग्रीनवरचे हलके फटके) झाल्यावर होलपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने गोल गोल फिरत संपूर्ण ग्रीन ओढून द्यावे. याला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे देणाऱ्या पाहुण्याबद्दल गावात चांगले बोलले जाते, आणि छोट्या गावात असे बोलणे आपल्या पुढच्या मुक्कामाच्या गावापर्यंतही पोहोचते.

फेअरवेबद्दल, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्यामधल्या पट्ट्याबद्दल, एकच सांगतो. जमीन उघडी, खडकाळ किंवा काटेरी असू शकते, म्हणून बहुतेक ठिकाणी चेंडू थोडा हलवून बऱ्या जागी ठेवण्याची परवानगी असते. ती परवानगी जरूर वापरावी. आपल्या महागड्या आयर्न्सपेक्षा जुना सेट न्यावा. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पीडी या ओपलच्या खाणींच्या गावातील मैदानावर तर गवताचे पातेही नाही. तिथे खेळाडू कृत्रिम हिरवळीचा लहान तुकडा हातात घेऊन फिरतात, फटक्यापूर्वी तो जमिनीवर ठेवतात आणि त्यावर चेंडू मांडतात. उन्हाळ्यातील उष्म्यामुळे रात्री चमकणारे चेंडू घेऊन खेळण्याची पद्धतही त्या गावाने रूढ केली. हे गाव आपल्या मार्गावर नाही, पोर्ट ऑगस्टाहून उत्तरेला बरेच आत जावे लागते, परंतु पाण्यावाचून मैदान टिकवण्याची जिद्द कुठवर जाते हे तिथे दिसते.

चार_चाकांचे_घर यांचे उत्तर

आम्ही पती-पत्नी निवृत्तीनंतर वर्षातील बराच काळ मोटारहोममध्येच असतो, त्यामुळे मुक्कामाच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहिते.

गोल्फ क्लबच्या आवारात मुक्काम ही गोष्ट ऑस्ट्रेलियात आता बरीच रुळली आहे. अनेक क्लब ठराविक रक्कम किंवा ऐच्छिक देणगी घेऊन स्वयंपूर्ण वाहनांना एक-दोन रात्री राहू देतात. स्वयंपूर्ण म्हणजे ज्यात स्वतःचे पाणी, स्वतःचे शौचालय आणि सांडपाण्याची टाकी आहे असे वाहन. विकिकॅम्प्स या ॲपवर अशा जागा सापडतात, आणि कॅम्परव्हॅन अँड मोटरहोम क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया ही १९८६ साली स्थापन झालेली संस्था मोटारहोमवाल्यांचे स्वागत करणाऱ्या गावांना तसा दर्जा देते. तरीही ॲपवरील नोंद जुनी असू शकते, म्हणून त्या क्लबला किंवा गावच्या कौन्सिलला फोन करून विचारणे हाच योग्य मार्ग आहे. यामागे कायद्याचाही भाग आहे. व्हिक्टोरियात अशी कितीतरी मैदाने सरकारी राखीव जमिनीवर आहेत आणि क्लब केवळ तिची व्यवस्था पाहतो. तिथे रात्री राहू देण्याचा अधिकार क्लबला असतोच असे नाही. क्लबच्या एखाद्या भल्या सदस्याने तोंडी होकार दिला आणि नंतर कौन्सिलने आक्षेप घेतला, तर उत्तर देत बसावे लागते ते समितीला.

आणखी एक बाजू आहे आणि ती या चर्चेत यायलाच हवी. ज्या गावात गोल्फ क्लब आहे त्याच गावात बहुधा एखादे कॅरॅव्हॅन पार्कही असते, आणि ते चालवणारे कुटुंब कर, पाणीपट्टी, विमा आणि स्वच्छतागृहांचा सगळा खर्च सोसत असते. क्लबने नाममात्र दरात मुक्काम देऊ केला की त्या कुटुंबाचे गिऱ्हाईक जाते. या मुद्द्यावरून ऑस्ट्रेलियातील अनेक कौन्सिलांमध्ये वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. माझे स्वतःचे मत असे बनले आहे की वीज, गरम पाण्याची अंघोळ आणि कपडे धुण्याची सोय हवी असेल तेव्हा कॅरॅव्हॅन पार्कमध्येच राहावे आणि खेळायला क्लबवर जावे. क्लबच्या आवारात राहायचे ते ज्या दिवशी तिथे खेळलो, संध्याकाळी तिथेच जेवलो आणि रात्री गाडी चालवू नये म्हणून थांबलो, अशा वेळी. अशा मुक्कामाने पार्कच्या पोटावर पाय येत नाही, आणि क्लबलाही आपण केवळ जागा वापरणारे वाटत नाही. गावात डिझेल, भाजी आणि पाव घेण्याने जे पैसे राहतात ते दोन्ही घरांपर्यंत फिरून जातात.

आवारात राहिलात तर काही गोष्टी कसोशीने पाळाव्यात. आपले वाहन चार टनांच्या आसपासचे असेल. हिवाळ्यातील पावसानंतर मॅलीतील वाळू-माती वरून कोरडी दिसते आणि खाली भुसभुशीत असते, तेव्हा दाखवलेल्या खडीच्या जागेपलीकडे चाक नेऊ नये. भांडी धुतलेले पाणीही जमिनीवर सोडू नये, शौचालयाची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) तर गावातील अधिकृत डम्प पॉइंटवरच रिकामी करावी, क्लबहाऊसच्या संडासात कधीही करू नये, कारण छोट्या गावात तिथे सेप्टिक टँक असते आणि कॅसेटमधील रसायनाने तिचे काम बंद पडते. टाकी भरण्याआधी विचारावे. ते पाणी पावसाच्या टाकीतले असेल, तर पुढच्या पावसापर्यंत क्लबला तेच पुरवायचे असते. जनरेटर संध्याकाळनंतर लावू नये. सकाळी उजाडताच खेळाडू पहिल्या टीवर येतात, म्हणून तिच्या रेषेत खुर्च्या मांडू नयेत.

आता नलारबोरविषयी, कारण आपण ज्या रस्त्याने जाणार आहात तोच एक गोल्फचे मैदान आहे. सेडुनापासून कालगुर्लीपर्यंत १,३६५ किलोमीटर अंतरावर पसरलेले नलारबोर लिंक्स हे अठरा होलचे, पार ७२ चे (म्हणजे कुशल खेळाडूने ७२ फटक्यांत पूर्ण करावे असे) मैदान २००९ साली खुले झाले. बालाडोनिया रोडहाऊस (महामार्गावरील इंधन, जेवण आणि मुक्कामाचे ठिकाण) सांभाळणारे बॉब बॉन्जिओर्नो आणि कालगुर्लीच्या पर्यटन क्षेत्रातील ॲल्फ कपुटो यांच्या कल्पनेतून ते उभे राहिले. हेतू साधा होता: एकसुरी रस्त्यावर डोळ्यांवर झापड येऊन अपघात होऊ नयेत म्हणून प्रवाशाने ठिकठिकाणी उतरावे, पाय मोकळे करावेत आणि रोडहाऊसवर चार पैसे खर्च करावेत. सुरुवातीचे दोन होल सेडुनाच्या क्लबवर आहेत, शेवटचे दोन कालगुर्लीला, आणि मधले बहुतेक एकेका रोडहाऊसशेजारी किंवा छोट्या गावात. सेडुनाच्या पर्यटन केंद्रात गुणपत्रिका विकत मिळते. प्रत्येक होलनंतर तिच्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि अखेरीस कालगुर्लीत प्रमाणपत्र घ्यायचे. गोल्फचा सेट जवळ नसेल तर रोडहाऊसवर भाड्याने मिळतो. बहुतेक ठिकाणी टी आणि ग्रीन कृत्रिम हिरवळीचे, आणि त्यांच्यामधली जमीन निखळ माळरानाची, खारट झुडपांची आणि दगडांची असते. पत्नीला आणि आपल्याला सांगते, चेंडू भरपूर घ्या. झुडपात गेलेला चेंडू शोधायला लांब पँट आणि बंद बूट घालूनच जा, आणि तिथे हात घालू नका.

बालाडोनियाच्या होलला स्कायलॅबचे नाव दिले आहे, कारण १९७९ साली त्या अंतराळस्थानकाचे तुकडे त्या प्रदेशात कोसळले होते. रोडहाऊसवर त्याचे छोटे संग्रहालय आहे, वडिलांना ते दाखवा. त्या आधी कायगुनापासून रस्ता १४६.६ किलोमीटर एकाही वळणाशिवाय जातो. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून खेळ आणि प्रवास दोन्ही सूर्यास्तापूर्वी आटोपून मुक्काम करा. जूनमध्ये पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. यूक्ला परिसराची स्वतःची घड्याळाची वेळ आहे, पर्थपेक्षा पाऊण तास पुढे, त्यामुळे रोडहाऊसचे स्वयंपाकघर कधी बंद होते ते तिथल्या घड्याळाप्रमाणे विचारून घ्या. सीमेवर पश्चिमेकडे जाताना ताजी फळे, भाज्या आणि मध यांची तपासणी होते आणि ते काढून घेतात. त्याआधी संपवा, आणि बुटांच्या तळाला किंवा ट्रॉलीच्या चाकांना चिकटलेली माती व काटेबिया मॅलीतच झाडून टाका. एका मैदानावरचे तण दुसऱ्या मैदानावर नेणारे आपण होऊ नये.

फिरस्ता_मेलबर्न

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. वडिलांना दुसरे उत्तर वाचून दाखवले. ते देवळालीच्या आठवणींत बराच वेळ रमले होते आणि आता वाळूच्या ग्रीनवर आम्हा दोघांकडून सराव करून घेण्याचा त्यांचा निश्चय झाला आहे.

शनिवारचे सांगणे मनावर घेऊन आम्ही आखणी बदलली आहे. पहिला शनिवार मॅलीत आणि कालगुर्लीनंतर पर्थच्या वाटेवरील शेवटचा शनिवार व्हीटबेल्टमध्ये येईल अशी सोय केली आहे. दोन शंका उरतात. आमच्यापैकी पत्नीचाच अधिकृत हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्यानुसार ठरणारी फटक्यांची सूट) आहे, मग वडील आणि मी स्पर्धेच्या दिवशी खेळू शकतो का? आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या माणसाने अशा एखाद्या क्लबचे सदस्य व्हावे का, की त्या कागदी सदस्यत्वाने त्यांचे काम उगाच वाढते?

गव्हाच्या_पट्ट्यातून

दोन्ही शंकांचे उत्तर देते. हँडिकॅप नसलेल्या पाहुण्याला स्पर्धेच्या बक्षिसासाठी धरत नाहीत, परंतु त्याच गटात सोबत खेळायला आमच्यासारख्या क्लबमध्ये कोणी हरकत घेत नाही. समितीतील कोणालाही आदल्या दिवशी फोन करून सांगा, म्हणजे गट पाडताना आपली नावे धरता येतात. स्पर्धा बहुतेक वेळा स्टेबलफोर्ड पद्धतीची, म्हणजे होलगणिक गुण मोजण्याची असते, त्यामुळे एका होलवर फटके फार झाले तर चेंडू उचलून पुढे जायचे असते. कोणाचा खोळंबा होत नाही. ॲम्ब्रोजचा दिवस असेल तर आणखी उत्तम, कारण त्यात चौघे मिळून प्रत्येक वेळी सर्वांत चांगल्या पडलेल्या चेंडूपासून पुढे खेळतात, आणि नवखा माणूसही संघाला उपयोगी पडतो. अनेक गावे निधीसाठी असा दिवस ठेवतात आणि शेजारच्या गावांतील क्लब त्या तारखा सांभाळून एकमेकांकडे जातात. त्यांचे वार्षिक वेळापत्रक क्लबहाऊसच्या दारावर किंवा गावच्या समाजमाध्यमाच्या पानावर मिळते.

सदस्यत्वाचे मात्र जरूर करा. दूरस्थ सदस्यांसाठी बऱ्याच छोट्या क्लबांची वर्गणी शहरातील वर्गणीच्या एका छोट्या अंशाइतकी असते, आणि त्यातूनच आपल्याला अधिकृत हँडिकॅपही मिळू शकतो. ऑस्ट्रेलियाने २०२० साली जागतिक हँडिकॅप पद्धती स्वीकारल्यामुळे तो सगळीकडे चालतो. आमचे काम एका नावाने वाढत नाही. उलट कौन्सिलकडे किंवा राज्याच्या क्रीडा निधीकडे अर्ज करताना सदस्यसंख्या विचारतात, तेव्हा ती नावे मोजली जातात. वर्गणीचा काही भाग राज्य आणि राष्ट्रीय संघटनेकडे जातो, हे लक्षात घेऊन आम्ही दूरच्या सदस्यांना आणखी एक सुचवतो: येताना शहरातून वापरलेले चांगले चेंडू, लहान मुलांच्या मापाचे सेट आणि हातमोजे घेऊन या. शाळेतील मुलांना आम्ही शुक्रवारी दुपारी मैदानावर आणतो आणि त्यांच्या मापाचे सेट सहजासहजी मिळत नाहीत.

आपण व्हीटबेल्टमध्ये येण्याचा शनिवार जुलैच्या मध्यावर असेल, तर तेव्हा पेरणी आटोपलेली असते आणि मैदानावर शेतकरी परतलेले असतात. मात्र आदल्या दोन दिवसांत मोठा पाऊस झाला असेल तर खेळाची वेळ बदलू शकते. म्हणून कालगुर्ली सोडण्यापूर्वी, जिथे रेंज आहे तिथूनच, फोन करा. आमच्याकडे पहिला गट दुपारी साडेबाराला निघतो, आणि नावे बारापर्यंत द्यायची असतात.